पाठकोऱ्या कागदांची वही

"तिचं चिंतन आपल्याकडे तयारच आहे. ती सही करेल आणि गप्प बसेल. पोरगी गरीब आहे, चकार शब्द काढायची नाही."

हे सासूबाई सासऱ्यांना सांगत होत्या. जिच्याबद्दल सांगत होत्या ती दाराबाहेर चहाचा ट्रे घेऊन उभी होती आणि तिच्या काखेत मी होते. ती दोन क्षण थांबली, मग आत्ताच आल्यासारखी जरा पाय वाजवून आत गेली. साखर बरोबर आहे का, एवढंच तिनं विचारलं. बरोबर आहे म्हणाले. त्या घरात साखरेवर सगळ्यांचं एकमत असतं.

मी तिची कच्ची वही. माझ्यावर फुलं नाहीत, चमकदार कव्हर नाही, आणि पहिल्या पानावर कुणी सुवाच्य अक्षरात नाव घातलेलं नाही. त्यामुळे माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका. मी जे पाहिलं त्यात गोड फार थोडं होतं, आणि तेही एका बुटांच्या खोक्यात होतं. त्याच्याकडे मी येईनच.

माझा जन्म पाठकोऱ्या कागदांतून झाला. छापताना बिघडलेले, एका बाजूला मजकूर आणि दुसरी बाजू कोरी, असे कागद तिच्या नवऱ्याकडे गठ्ठ्यानं साठतात, कारण तो टंकलेखन आणि बाइंडिंग करतो. लग्नानंतर दुसऱ्या आठवड्यात त्यानं त्यातले शंभरएक कागद निवडले, कडा कापल्या, जाड दोऱ्यानं शिवले आणि वर राखाडी पुठ्ठा लावला. "कच्च्या कामाला होईल," असं म्हणून मला बायकोच्या हातात दिलं. पहिली भेट देताना माणूस याहून बरं काहीतरी बोलू शकला असता. पण त्या घरात बोलायचं काम आईबाबांकडे आणि चिकटवायचं काम मुलाकडे, अशी जुनी वाटणी आहे. शिलाई मात्र पक्की होती. तेवढं मी त्याच्या पदरात घालते.

घराची पुढची खोली म्हणजे दुकान. पाटीवर लिहिलंय: शालेय प्रकल्प, टंकलेखन, बाइंडिंग. मधल्या खोलीत लांबलचक टेबल आहे, आणि त्यावर वर्षभर ज्वालामुखी, सूर्यमाला, पवनचक्क्या आणि माणसाची हृदयं तयार होत असतात. पालक येतात, मुलाची इयत्ता सांगतात, तारीख सांगतात आणि जाता जाता म्हणतात, थोडं मुलानं केल्यासारखं वाटू द्या. त्यासाठी सासूबाई शेवटी एका कोपऱ्यात ब्रश मुद्दाम रेघेबाहेर काढतात. ही त्यांची खासियत. किती बाहेर काढायचा ते इयत्तेवर ठरतं. चौथीला बोटभर, सातवीला नखाएवढा. हे त्या ज्या अभिमानानं सांगतात तो पाहून माझ्या पुठ्ठ्याला घाम फुटला असता.

तिची शाळा दोन गल्ल्या पलीकडे. तिथे ती शिकाऊ शिक्षिका आहे. मुलं तिला बाई म्हणतात, आणि घरी कुणी काही म्हणत नाही, हाक न मारता नुसती वस्तू पुढे करतात. वर्षाअखेर तिला एक अहवाल द्यायचा होता: 'विद्यार्थ्यांचे सर्जनशील प्रकल्प: एक चिंतनात्मक अभ्यास'. एका वर्गातले बारा प्रकल्प पाहायचे, मुलांशी बोलायचं, आणि त्यातून आपण स्वतः काय शिकलो ते प्रामाणिकपणे लिहायचं. अहवाल मंजूर झाला की नेमणूक कायम. नाही झाला तर वर्षही गेलं आणि नोकरीही.

मंजुरी देणाऱ्या मार्गदर्शक मॅडम. त्यांनी पहिल्याच बैठकीत नियम सांगितले. समास दीड इंची, कव्हर गडद निळं, अक्षरं सोनेरी. "आणि चिंतन किमान चार पानं. मागच्या वर्षी एकीनं तीनच केलं, मी परत पाठवलं." चिंतन मोजून घेणारी बाई मी पहिल्यांदाच पाहत होते. माझ्या मालकिणीनं मान खाली घालून 'चार पानं' असं लिहून घेतलं आणि त्याखाली बारीक अक्षरात 'दोन्ही बाजूंनी?' असा प्रश्न टाकला. तेव्हा मला कळलं की आमचं दोघींचं जमेल.

पण तिचंही सगळंच कौतुक करायला मी बसलेली नाही. तिसऱ्या आठवड्यात तिच्याच वर्गातल्या चार मुलांच्या पालकांनी दुकानात हृदयं सांगितली. नव्या सुनेला कामात घ्यायचं म्हणून सासूबाईंनी तिच्या हातात डिंकाची बाटली दिली. हृदय कागदाच्या लगद्याचं असतं. टबात रद्दी भिजवायची, कुटायची, साच्यात भरायची, वाळवून रंगवायची आणि मग नळ्या चिकटवायच्या. नळ्या तिनं चिकटवल्या. चार हृदयं, चारही तिच्या हातची.

आता त्या हृदयांची एक गंमत आहे. पुस्तकातलं चित्र समोर उभ्या असलेल्या माणसाचं असतं, म्हणून त्याची डावी, लाल रक्ताची बाजू आपल्या उजव्या हाताला येते. सासऱ्यांना हे कधी पटलंच नाही. वीस वर्षांपूर्वी पहिलं हृदय करताना ते म्हणाले होते म्हणे, "छापणाऱ्यांनी घोळ केलाय. डावं ते डावीकडे नको?" आणि त्यांनी चूक दुरुस्त केली. लाल डावीकडे, निळा उजवीकडे, नावांच्या चिठ्ठ्याही त्याप्रमाणे. तेव्हापासून त्या टेबलावरून गेलेलं प्रत्येक हृदय उलटं आहे, प्रत्येकाला बक्षीस मिळालंय, आणि एकाही शिक्षकानं चित्र आणि प्रतिकृती शेजारी धरून पाहिलेली नाही. रंग रेघेबाहेर गेलेला मात्र सगळ्यांना दिसतो.

तिला ते दिसलं. हातात नळी, समोर पुस्तक, तिनं एकदा सासऱ्यांकडे पाहिलं, तोंड उघडलं आणि मिटलं. त्या दिवशी माझ्यात एवढंच लिहिलं गेलं: 'रंग उलटे आहेत. बोलले नाही. चिकटवलं.' मला तिचा राग आला होता. हे लपवलं तर मीही सोनेरी अक्षरांच्या लायकीची.

मग प्रकल्प मांडायचा दिवस आला. तिच्या घरचीच चार हृदयं वर्गात ओळीनं येऊन बसली. मार्गदर्शक मॅडम गुण द्यायला, आणि ही मला मांडीवर घेऊन मागच्या बाकावर. तिनं पहिल्या हृदयाच्या मालकाला विचारलं, यात सगळ्यात अवघड काय गेलं? मुलगा प्रामाणिक होता. म्हणाला, "गाडीत सांभाळून आणणं." दुसऱ्यानं पाठ केलेला परिच्छेद म्हटला, तिसऱ्यानं तोच म्हटला, चौथ्यानं मधला शब्द विसरून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मॅडमनी चौघांना पैकीच्या पैकी दिले. सुबकता, म्हणाल्या. माझी मालकीण सगळं जसंच्या तसं उतरवून घेत होती, आणि डिंकाची साल अजून तिच्या अंगठ्याला होती. ती साल ती सोलत होती.

आणि मग ते बुटांचं खोकं आलं.

त्याच्या मालकिणीला वर्गात टाचणी म्हणत, कारण ती बारीक होती आणि टोचणारे प्रश्न विचारायची. तिनं खोक्यात स्वतःच्या इमारतीचा जिना केला होता. पाच मजले, लिफ्ट नाही. वाकडातिकडा पुठ्ठा, एका बाजूला कललेला, पायऱ्यांवर जागोजागी शर्टाची बटणं चिकटवलेली. मॅडमनी तो असा उचलला जसा लोक चिखलाचा बूट उचलतात.

ती बटणं म्हणजे माणसं. टाचणीचे आजोबा जिना चढताना थांबतात. तिला वाटलं, गुडघे दुखतात म्हणून. तेव्हा त्यांना बसायला एक खुर्ची असावी, आणि ती कुठे असावी हे शोधायचं, असा तिचा प्रकल्प. ती आठ दिवस शाळेतून आल्यावर जिन्यात बसली आणि कोण कुठे थांबतं ते मोजलं. जो जिथे थांबला तिथे एक बटण.

माझ्या मालकिणीनं विचारलं, "मग काय सापडलं?"

"माझं चुकलं होतं," टाचणी म्हणाली. "दम तर दुसऱ्या वळणावरच लागतो. पण तिथे कुणीच थांबत नाही. सगळे चौथ्या वळणावर थांबतात. आजोबा पण. तिथल्या खिडकीतून मैदान दिसतं. ते दमून थांबत नाहीत बाई, बघायला थांबतात."

"मग तू काय केलंस?"

"आधी मी खुर्ची दुसऱ्या वळणावर चिकटवली होती. ती उपटली आणि इथे लावली. म्हणून तिथे डाग पडलाय."

वर्गात दोघंतिघं हसले. मॅडम हसल्या नाहीत, त्यांना घाई होती. त्यांनी डागावर बोट ठेवलं, कल्पना बरी आहे पण फार डाग आहेत, पुढच्या वेळी आईची मदत घे, असं सांगितलं आणि बारा प्रकल्पांतले सगळ्यात कमी गुण दिले. त्या अख्ख्या वर्गात विचार करून झालेली एकच गोष्ट होती, ती म्हणजे तो डाग. त्याचेच गुण कापले गेले. शिकलेल्या माणसांबद्दल माझं जे मत आहे ते त्या दुपारी बनलं आणि आजवर बदलावंसं वाटलेलं नाही.

शाळा सुटल्यावर ती रिकाम्या वर्गात बसली आणि माझी चार पानं भरली. मोजून नाही, आपसूक चार. खाडाखोड इतकी की एका ठिकाणी कागद फाटला. मला कुणी इतकं मनापासून घाण केलं नव्हतं. मी अंग सैल सोडून पडून राहिले.

लिहून झाल्यावर तिनं सहज मला उलटं केलं. माझी छापील बाजू तिनं तोवर वाचली नव्हती. मीही तिला दाखवायला गेले नव्हते. कुणाला आपली पाठ दाखवायला आवडते? तिथे छापलं होतं: 'मला असे जाणवले की प्रत्येक मूल हे सर्जनशीलतेचा झरा असते.' पुढचं पान उलटलं. मला असे जाणवले की प्रत्येक मूल. त्याच्या पुढचंही तेच. फक्त शाळांची नावं निराळी. एका पानावर नाव घालायचं राहून नुसती टिंबं होती. निरनिराळ्या वर्षांच्या शिकाऊ शिक्षिकांना एकच गोष्ट, त्याच शब्दांत, त्याच जागी स्वल्पविराम देऊन जाणवत आली होती. खाली निष्कर्ष: 'हृदयाची प्रतिकृती हा प्रकल्प विशेष उल्लेखनीय ठरला. याउलट काही प्रकल्प डागाळलेले व अपरिपक्व आढळले.' टाचणी बाराखडी गिरवत होती तेव्हाच तिच्या जिन्यावरचा शेरा छापून तयार होता.

घरी आल्यावर तिनं नवऱ्याला विचारलं. तो निळ्या कव्हरावर खळ फासत होता. म्हणाला, अगं, सगळ्या हाच नेतात. मॅडम कुठे वाचतात, हातात घेऊन वजन बघतात. "तुझाही बांधायला घेतलाय. बाबांनी सांगितलं."

"तू वाचलायस कधी?"

"मी बांधतो."

दुसऱ्याच दिवशी दाराबाहेरचा तो चहाचा प्रसंग घडला. मंजुरीला आठवडा उरला होता. ती रोज शाळेत जात होती, घरी येऊन टेबल पुसत होती, आणि काही बोलत नव्हती. मला वाटू लागलं, सासूबाईंचा अंदाज बरोबर आहे. माणसं वाचण्यापेक्षा माणसं तोलण्यात त्या घराचा हात बसलेला आहे.

शनिवारी सकाळी ती शाळेत असताना सासूबाईंना लगद्याला रद्दी कमी पडली. मी टेबलाच्या कडेला पडले होते. त्यांनी मला उघडलं, एका बाजूला छापील पाहिलं आणि सुरुवातीचे सतरा कागद एका हिसक्यात फाडून टबात टाकले. त्यांनी वाचून, रागानं फाडले असते तर मला एवढं लागलं नसतं. त्यांनी पाहिलंच नाही. पाणी गार होतं. शाई सुटताना पहिल्यांदा जांभळट धूर निघाल्यासारखं दिसतं, मग सगळं करडं होतं. ते मी वरून बघत होते.

ती आली तेव्हा माझे दोरे लोंबत होते. ती टबापाशी गेली, हात घालून ढवळून पाहिलं, आणि बोटांना चिकटलेला लगदा झटकत उभी राहिली. सासूबाई सहज म्हणाल्या, "एका बाजूनं छापलेलंच होतं की. रद्दीच ती."

जिन्याची पानं वाचली होती. ती मागे होती. गेली ती पहिली पानं: मॅडमचे नियम, चार हृदयं, आणि ते 'बोलले नाही, चिकटवलं'. म्हणजे तिच्या विरुद्धचा एकमेव पुरावा तिच्या सासूनं स्वतःच्या हातानं भिजवून टाकला होता. आता ती अहवालात सगळ्या जगावर टीका करून स्वतः धुतल्या तांदळासारखी उभी राहू शकत होती. मला वाटलं, सुटली. आणि मला वाटलं, आता ही सुटण्याची संधी घेईल, कारण सगळेच घेतात.

संध्याकाळी नवऱ्यानं मला उचललं आणि न सांगता शिवायला बसला. शिवताना एका पानाशी थांबला. जिन्याचं पान होतं. सुई तशीच धरून त्यानं ते शेवटपर्यंत वाचलं, आणि मग पुढचं. त्या घरात कुणी काही वाचताना मी पहिल्यांदा पाहिलं. तोही अवघडला असावा, कारण बायको खोलीत आल्याबरोबर त्यानं दोरा तोडला आणि मला तिच्या उशाशी ठेवून निघून गेला.

मी आता शाळेतल्या तिच्या कप्प्यात असते. सतरा कागद कमी, कणा वाकडा, एका कोपऱ्याला लगद्याचा डाग. माझे ते सतरा कागद साच्यातून निघून कुठल्याशा मुलाच्या घरी काचेच्या कपाटात बसलेत, लाल डावीकडे, निळा उजवीकडे. अहवाल मंजूर झाला की नाही ते अजून कळलेलं नाही. विनंत्या करणं माझ्या स्वभावात नाही, पण एक करते. कुणाचा अहवाल तुमच्या हातात आला आणि त्यात कुणाचं काही चुकलेलं नसेल, तर त्याची कच्ची वही मागा. नाही म्हणाले, तर तो खाली ठेवा आणि हात धुवा. बस्स. आता रविवारची दुपार सांगते आणि गप्प होते.

मार्गदर्शक मॅडम घरीच आल्या होत्या. दुकानाशी त्यांचं जुनं येणंजाणं, त्यामुळे सही घरीच उरकायची ठरलं होतं. टेबलावरची हृदयं बाजूला सारून मधोमध तो तयार अहवाल ठेवला होता. गडद निळा, छातीवर सोनेरी अक्षरांत माझ्या मालकिणीचं नाव, आत भलत्यांचं चिंतन. असला तोरा मी नवरदेवांतही पाहिलेला नाही. सासरे खुर्चीत, सासूबाई कपबशा भरत, नवरा दारात. मॅडमनी तो दोन्ही हातांनी उचलला, किंचित वर-खाली केला, समाधानानं मान हलवली आणि पेन उघडलं. आधी हिची सही, मग त्यांची. सासऱ्यांनी योग्य पान उघडून पेन सुनेपुढे केलं.

तिनं पेन घेतलं आणि टोपण लावून खाली ठेवलं. मला पिशवीतून काढून निळ्या अहवालाशेजारी ठेवलं. मॅडमनी माझ्याकडे पाहून नाक मुरडलं. सासूबाई म्हणाल्या, "अगं, ती रद्दी इथे कशाला?"

ती उभी होती. आवाज चढवला नाही. वर्गात फळ्यावरचं वाचून दाखवावं तसं, एकेक शब्द वेगळा करत बोलली.

"आई, बाबा, मॅडम, यात 'मला असे जाणवले' एकोणीस वेळा आहे, आणि त्यातलं मला काहीच जाणवलेलं नाही. त्यामुळे सही करणार नाही. माझा अहवाल मी लिहितेय, उशीर होईल, त्याचं जे व्हायचं ते होऊ दे. पहिलं वाक्य लिहून झालंय, ते ऐकून घ्या: मी ज्या बारा प्रकल्पांचा अभ्यास केला, त्यांतल्या चार हृदयांचे रंग उलटे आहेत हे मला माहीत होतं, आणि त्यांना डिंक मीच लावला."